उन्हाळ्याचं पार्क हिवाळ्यात कसं चालवायचं? आधी घड्याळ बदला, मग तिकीट



या वेळच्या व्हिडिओत शेवटच्या पाच मिनिटांत जो हिशेब मी घाईघाईनं सांगितला, तो इथं सावकाश लिहून देतोय. कागद-पेन घेऊनच बसा. विषय आहे लहान मुलांचं पार्क. तालुक्याच्या गावाजवळ एक-दीड एकर जागा, जंपिंग, टॉय ट्रेन, घसरगुंड्या, एक उथळ हौद, रेन डान्स, खाण्याचे दोन स्टॉल. असं पार्क टाकायचं अनेकांच्या डोक्यात असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते भरतं. जून उजाडला की ओस पडतं. पण बँकेचा हप्ता बाराही महिने येतो. हप्त्याला सीझन नसतो.

म्हणून आजचा प्रश्न: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने कमाईचे करता येतील का? माझं उत्तर आहे, हो. पण सगळं पार्क सगळे दिवस उघडं ठेवून नाही.

आमचा पहिला हिवाळा

केममध्ये माझं दुकान आहे हे तुम्हाला माहीतच आहे. दुकान सांभाळून दोन मित्रांबरोबर मी असंच एक छोटं पार्क चालवायला घेतलं होतं. पहिला उन्हाळा जोरात गेला. आम्हाला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. दिवाळीनंतर काहीही न बदलता तेच पार्क, त्याच वेळेत, दुपारी चार ते रात्री दहा, रोज उघडं ठेवलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी एक कुटुंब आलं. मुलगी चार-पाच वर्षांची. हौद दिसला की मूल पाण्यात उतरणारच. दहा मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा कुडकुडत होती. आईनं तिला स्वतःच्या पदरात गुंडाळलं. वडील स्टॉलवर आले आणि म्हणाले, "चहा मिळंल का?" आमच्याकडं कोल्ड्रिंक होतं, आईस्क्रीम होतं, बर्फाचा गोळा होता. चहा नव्हता. अर्ध्या तासात ते निघून गेले. पैसे परत मागितले नाहीत, भांडले नाहीत. पुन्हा आलेही नाहीत.

त्या चार महिन्यांत आम्ही जेवढे पैसे घातले, तेवढे पार्क कुलूप लावून बंद ठेवलं असतं तरी गेले नसते. ते कसं, ते पुढं हिशेबात दाखवतो. आधी ज्यांना हे जमलं त्यांच्याकडं बघू.

मोठ्यांनी काय केलं?

डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरात टिव्होली नावाचं पार्क आहे. १८४३ साली सुरू झालेलं. जवळजवळ दीडशे वर्षं ते उन्हाळ्याचं पार्क म्हणूनच चाललं. १९९४ मध्ये त्यांनी नाताळाचा सीझन सुरू केला. तिथं डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. त्यांनी अंधारालाच कामाला लावलं: दिव्यांच्या माळा, लाकडी स्टॉल, गरम खाणं.

दुसरं उदाहरण नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंगचं. १९५२ मध्ये परीकथांचं जंगल म्हणून उघडलेलं, लहान मुलांच्या कुटुंबांचं आवडतं ठिकाण. १९९९ मध्ये त्यांनी पहिल्यांदा हिवाळी सीझन केला. शेकोट्या, रोषणाई, छताखालचे खेळ. अकरा वर्षं हिवाळा चालवून बघितला आणि मग २०१० पासून पार्क बाराही महिने उघडं ठेवलं. हा क्रम लक्षात ठेवा. आधी थोडे दिवस, मग जास्त दिवस, शेवटी पूर्ण वर्ष.

आपल्याकडं बघा. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये कोरड्या राइड्सनी सुरू झालं. २०१४ मध्ये वॉटर पार्क आलं, २०१६ मध्ये स्नो पार्क. शिर्डीत मालपाणी समूहाचं वेट अँड जॉय हे वॉटर पार्क आहे आणि त्याच समूहाचं साईतीर्थ हे छताखालचं भक्तिपर थीम पार्क आहे. म्हणजे एका ठिकाणी तीन प्रकार, दुसऱ्या ठिकाणी दोन. एकाला हवामानाचा फटका बसला तर दुसरा उभा राहतो.

तुम्ही म्हणाल, एवढा पैसा आपल्याकडं कुठं? बरोबर आहे. पण यातली दोन तत्त्वं फुकट आहेत. एक, सगळी भिस्त पाण्यावर ठेवू नका. दोन, थंडीशी भांडू नका, थंडीत लोकांना जे आवडतं ते विका.

घड्याळ उलटं करा

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. दुपारी कोणी दोन वर्षांचं बाळ घेऊन बाहेर पडत नाही. म्हणून उन्हाळ्यात पार्क संध्याकाळी भरतं आणि रात्री दहापर्यंत चालतं.

डिसेंबर-जानेवारीत नेमकं उलटं असतं. दुपारी तिशीच्या आसपास, कोवळं ऊन, मूल दोन तास पळालं तरी दमत नाही. पण सहाच्या सुमारास सूर्य मावळला की हवा गार होते आणि आई म्हणते, "चला, घरी चला." लहान मुलांच्या घरात निघायची वेळ आई किंवा आजी ठरवते. ती गोष्ट तिकिटाच्या दरापेक्षा मोठी.

म्हणून हिवाळ्याची वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. आम्ही दुसऱ्या वर्षी एवढा एकच बदल आधी केला. नवीन राइड नाही, नवीन कर्ज नाही. सकाळी येणारं कुटुंब दुपारचं जेवण आपल्याकडंच करतं, हा वरचा फायदा.

थंडीत आपल्याकडं काय विकतं?

आमचं केम कुंकवाचं गाव. कुंकवाच्या व्यापाऱ्याला तीन हंगाम पाठ असतात: नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार आणि संक्रांतीचं हळदीकुंकू. यातले दोन थंडीतले आहेत. म्हणजे थंडीत बाया घराबाहेर पडतात, मुलांना घेऊन पडतात, नटून पडतात. पार्कवाल्याचं तिकडं लक्ष नसतं, कारण तो डोक्यात मे महिना घेऊन बसलेला असतो.

तीन गोष्टी सांगतो.

पहिली, हुरडा. सोलापूर जिल्हा म्हणजे ज्वारीचं कोठार. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. पुण्यातून लोक हुरडा खायला खेड्यात गाडी काढून येतात. आपल्या पार्कात एका कोपऱ्यात आगटी, गोवऱ्यांवर भाजलेली कणसं, शेंगाची चटणी, गूळ, दही. आगटीभोवती मात्र कमरेएवढं कुंपण पाहिजेच आणि तिथं एक मोठा माणूस कायम उभा पाहिजे. लहान मुलांचं पार्क आहे, हे विसरायचं नाही.

दुसरी, बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी या काळात पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं बोरन्हाण घालतात. काळे कपडे, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे. घरात जागा कमी, साफसफाई फार, फोटो नीट येत नाहीत. हेच पार्कात घडवून आणा: सजावट तुमची, पाट-रांगोळी तुमची, दहा-बारा मुलांचं एकत्र. मूल आलं की आई-बाबा, दोन्हीकडचे आजी-आजोबा, आत्या, मावशी सगळे येतात. एक काळजी घ्या. हरभरे, शेंगदाणे, हलवा हे बारीक पदार्थ बाळाच्या घशात अडकू शकतात. अगदी तान्ह्यांसाठी चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ठेवा, बारीक काही नको.

आणि पंचांग बघितल्याशिवाय बुकिंग घेऊ नका. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे ३३ दिवस मिळाले. २०२५ मध्ये १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी, २२ दिवस. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीला, म्हणजे फक्त १२ दिवस. मागच्या वर्षीच्या अंदाजानं माल भरला तर हलव्याचे दागिने पडून राहतील.

तिसरी, साधी: गरम खाणं. चहा, दूध, सूप, गरम भजी. फ्रीजचा खर्च कमी करा, शेगडी वाढवा.

आता हिशेब

हे आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमचे आकडे तुम्ही भरा.

पार्क बंद असलं तरी लागणारा महिन्याचा खर्च: हप्ता ४५,०००, जागेचं भाडं १०,०००, वॉचमन १०,०००, विजेचा स्थिर आकार, विमा आणि किरकोळ ५,०००. एकूण ७०,००० रुपये.

एक दिवस उघडायचा खर्च: चार माणसांची हजेरी १,८००, वीज आणि डिझेल ९००, पाणी आणि सफाई ३००. एकूण ३,००० रुपये.

एका कुटुंबामागं मिळकत: मुलाचं तिकीट १००, दोन मोठ्यांचे प्रत्येकी ३०, खाण्यातला नफा ४०. झाले २००. त्यातून बँड, टिश्यू वगैरे २० वजा. हातात १८० रुपये.

तीन हजाराला १८० नं भागा. १६.६६ येतं. म्हणजे त्या दिवशी १७ कुटुंबं आली तर दार उघडल्याचा खर्च निघाला. हा आकडा पाठ करा, कारण हिवाळ्यात "उघडू का नको" याचं उत्तर यातच आहे. हप्ता यात धरायचा नाही. हप्ता बंद ठेवूनही जाणारच आहे.

आता धरा, शनिवार-रविवारी ४० कुटुंबं येतात. ४० गुणिले १८० म्हणजे ७,२००. त्यातून ३,००० गेले, उरले ४,२००. इतर दिवशी सहाच कुटुंबं येतात. १,०८० मिळाले, ३,००० गेले, तोटा १,९२०.

तीस दिवसांचा महिना, त्यात नऊ शनिवार-रविवार. तीन पर्याय:

१. पूर्ण बंद: खिशातून ७०,००० जातात.
२. रोज उघडं: नऊ दिवसांचे ३७,८०० मिळाले, एकवीस दिवसांत ४०,३२० गेले. खिशातून ७२,५२० जातात.
३. फक्त शनिवार-रविवार: ३७,८०० मिळाले. खिशातून ३२,२०० जातात.

पर्याय दोन पुन्हा वाचा. माणसं राबली, दिवे जळले, आपण रोज गल्ल्यावर बसलो आणि कुलूप लावलं असतं त्यापेक्षा अडीच हजार जास्त घालवले. आमच्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट हीच. शनिवार-रविवारची गर्दी बघून आम्ही खूश होतो, आणि सोमवार ते शुक्रवार तो सगळा पैसा खात होते.

सोमवार ते शुक्रवार उघडायचं ते फक्त आगाऊ बुकिंगवर. बोरन्हाणाचा ग्रुप, बालवाडीची सहल, कोणाचा वाढदिवस. बुकिंग १७ कुटुंबांच्या मिळकतीइतकं झालं तर दार उघडायचं. निम्मी रक्कम आधी घ्यायची.

दोन गोष्टी विसरू नका

हौद बंद ठेवलात म्हणून तसाच सोडू नका. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि उघड्या हौदात मूल पडू शकतं. रिकामा करून जाळी टाका, भोवती कुंपण ठेवा. रेन डान्सची जागा कोरडी करून तिथंच बोरन्हाणाची सजावट लावा.

आणि माणसं. जूनला पोरांना घरी पाठवलं की ती दुसरीकडं लागतात. एप्रिलला नव्यांना पहिल्यापासून शिकवावं लागतं, आणि लहान मुलांच्या राइडवर नवखा माणूस हा धोका असतो. महिन्यातले नऊ-दहा दिवस काम मिळालं तरी सगळी नाही, पण दोन चांगली पोरं टिकतात. हा फायदा वहीत दिसत नाही, एप्रिलमध्ये दिसतो.

तुमचा गृहपाठ

दिवाळीच्या आधी हे करा. तुमचा दिवसाचा खर्च काढा. एका कुटुंबामागं हातात काय राहतं ते काढा. भागाकार करा आणि जो आकडा येईल तो मोठ्या अक्षरात लिहून गल्ल्याच्या वर चिकटवा. मग पंचांग उघडून शनिवार-रविवार, सुट्ट्या, संक्रांत ते रथसप्तमी यांवर खूण करा. एवढेच दिवस तुमचा हिवाळी सीझन. पहिल्या वर्षी त्यापेक्षा एक दिवसही जास्त नको.

आणि हो, चहाची शेगडी पहिल्या दिवसापासून पेटलेली पाहिजे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.