ओळखचोरीचा विमा घ्यावा का?

प्रश्न : नोकरीमुळे चंदीगडजवळ खरडला भाड्याने राहतो. बँकवाले ओळखचोरीचा विमा घ्या म्हणून मागे लागलेत. घेऊ का?

उत्तर : घाई नको. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी ऑनलाइन पैसे लांबवले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. ओटीपी स्वतःच सांगितलात तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. ते विमा भरून देतो का, पॉलिसीच्या अपवादांत बघा. बारीक अक्षरात असतं.

मला धास्ती वाटते ती घरमालकापासून सिमकार्डवाल्यापर्यंत वाटलेल्या आधार-पॅनच्या झेरॉक्सची. झेरॉक्सवर आडवं कारण आणि तारीख लिहून सही ठोका. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात अनोळखी कर्ज दिसतंय का, पाहा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा, बँकेलाही कळवा.