मन सावरण्याचा विश्वास : मापन आणि भाषांतर

दुःख होणे, दुःख आवरता येणे आणि ते आपल्याला आवरता येईल असा विश्वास असणे, या तीन भिन्न गोष्टी होत. यांपैकी तिसऱ्या गोष्टीच्या मापनासाठी कॅटान्झारो व मर्न्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. ज्यूलियन रॉटर यांनी १९५४ मध्ये मांडलेली 'अपेक्षा' ही संकल्पना तिच्या मुळाशी आहे. श्रेणीत ३० विधाने असून ती सर्व 'मन बिघडले असता' अशा आशयाच्या एकाच आरंभवाक्याला जोडलेली आहेत. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण असतात. उलट अर्थाच्या विधानांचे गुण उलट्या क्रमाने मोजले जातात. हा विश्वास दृढ असणाऱ्यांना प्रेमसंबंध तुटल्यानंतर येणारे नैराश्य कमी असते, असे मर्न्स यांना १९९१ च्या अभ्यासात आढळले.

अशी श्रेणी मराठीत आणताना पहिली अडचण आरंभवाक्यातच येते. तेथील इंग्रजी शब्दात दुःख, संताप व काळजी ही तिन्ही सामावतात. 'उदास' म्हटले की संताप वगळला जातो. 'अस्वस्थ' म्हटले तर शरीराची व्यथाही आत येते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. 'मला राग येतो', 'मला वाईट वाटते' या रचनांत भावना ही कर्त्याच्या स्थानी असते. माणूस 'मला' या रूपाने केवळ अनुभव घेणारा राहतो. 'मन रमेल' आणि 'मला मन रमवता येईल' यांतील अंतर येथे निर्णायक ठरते. पहिल्यात आपोआप घडण्याची आशा आहे, दुसऱ्यात स्वतःच्या कृतीवरील विश्वास. सहज वाटते म्हणून भाषांतरकाराने पहिली रचना स्वीकारली, तर मोजायचे ते बाजूलाच राहते. उलट भाषांतराच्या कसोटीवरही हा दोष सहज उघड होत नाही.

मनाला आवरण्याची भाषा मराठीला नवी नाही. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत २०५ श्लोकांतून मनालाच संबोधिले आहे. परंतु उपदेश 'करावे' असे सांगतो. श्रेणी 'करता येईल काय' असे विचारते. या दोहोंची गल्लत झाली, तर उत्तर देणारा आपल्या विश्वासाऐवजी आपल्यावरील संस्कार नोंदवील, आणि भाषांतरातील दोष त्याच्या मनाचे बळ किंवा दौर्बल्य म्हणून गणला जाईल.