फुगलेला गाल

आपल्याकडे जसे क्रिकेट, तसे अमेरिकेत बेसबॉल. तिथली मुले आवडत्या खेळाडूंची चित्रे जमवतात, त्यांच्यासारखी टोपी घालतात, त्यांच्यासारखीच बॅट धरून उभी राहतात.

या छान खेळात एक वाईट सवय शिरली होती. जुन्या काळी मैदाने धुळीने भरलेली असत. तोंड कोरडे पडू नये म्हणून खेळाडू गालात तंबाखूचा बार धरत आणि सारखे थुंकत. पुढे हिरवीगार मैदाने आली. धूळ गेली, तंबाखू मात्र राहिली. दूरदर्शनवर तो फुगलेला गाल दिसे आणि मुलांना वाटे, मोठा खेळाडू असाच असतो!

टोनी ग्विन हे सॅन डिएगो शहराच्या पाद्रेस संघाचे खेळाडू. १९८२ ते २००१ असे वीस हंगाम ते याच संघाकडून खेळले. फलंदाजीत आठ वेळा ते आपल्या लीगमध्ये पहिले आले. त्यांचे हसणे मोठे मनमोकळे होते. त्यांनाही तंबाखूची सवय होती. २०१० साली त्यांच्या गालाजवळच्या लाळग्रंथीत कर्करोग आढळला. शस्त्रक्रियेनंतर त्यांना पूर्वीसारखे हसताही येईना. 'हे तंबाखूमुळेच झाले,' असे ते सांगत. १६ जून २०१४ रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी ते वारले. लाळग्रंथीचा कर्करोग तंबाखूनेच होतो, असे डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत. पण तोंडाचा कर्करोग तंबाखूने होतो, यात शंका नाही.

धूर निघत नाही, मग अपाय कसा होतो? तंबाखूची पाने वाळवताना आणि मुरवताना त्यांत नायट्रोसमाइन नावाची विषारी द्रव्ये तयार होतात. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम हेही तिच्यात सापडतात. ही विषे लाळेत उतरतात. बार जितका मोठा आणि जितका वेळ तोंडात, तितके विष अधिक. तंबाखू कमी केली, तर विषही कमी जाते. पण तिच्यातले निकोटीन माणसाला पुन्हा पुन्हा डबीकडे ओढते. म्हणून ती अजिबात सोडलेलीच बरी, असे डॉक्टर सांगतात. आपल्याकडची चुना लावून मळलेली तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांचेही असेच आहे.

सोडल्यावर शरीर सुधारते का? टेक्सास राज्यात हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकणाऱ्या जवानांना तंबाखूची सक्त मनाई असते. बार ठेवून ठेवून काहींच्या तोंडात पांढरे चट्टे पडले होते. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांचे चट्टे नाहीसे झालेले दिसले!

निवृत्तीनंतर ग्विन महाविद्यालयातल्या मुलांना खेळ शिकवत. ॲडिसन रीड हा त्यांचा विद्यार्थी. गुरुजी गेल्याचे कळले, त्याच दिवशी त्याने जवळचे तंबाखूचे डबे कचऱ्यात फेकून दिले.

लहान लीगमधल्या खेळाडूंना १९९३ पासूनच मैदानावर तंबाखूची मनाई होती. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१५ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०१६ पासून तिथल्या मैदानांवर कोणालाच तंबाखू खाता येईना. त्याच वर्षाच्या अखेरीस मोठ्या लीगमध्येही ठरले, की नव्याने येणाऱ्या खेळाडूने तंबाखू वापरायची नाही. जुन्यांना मात्र सूट मिळाली.

आताही खेळाडूंचे गाल फुगलेले दिसतात. पण कितीतरी जणांच्या गालात असतात सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया. टरफले थुंकायची आणि दाणे खायचे!