बाळाचं नाक चोंदलंय? थेंब घाला आणि मिनिटभर श्वास मोजा



थंडी सुरू झाली की बैठकीत बचत गोळा व्हायच्या आधीच एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, बाळाचं नाक चोंदलंय, रात्रभर घुरघुर करतंय, धड दूधही पीत नाही. काय करू?" म्हणून या महिन्याचा अभ्यास-पाठ याच विषयावर घेतलाय. नेहमीप्रमाणे एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि शेवटचे प्रश्न सगळ्यांनी मिळून सोडवायचे. ज्यांच्या घरात बाळ नाही त्यांनीही ऐका. शेजारच्या घरात असेलच.

आधी माझी चूक सांगते

मी कामाला लागून दोनच महिने झाले होते. जानेवारीत आरेतल्या एका पाड्यावर बैठक होती. एक ताई पाच आठवड्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळाचं नाक वाजत होतं. "सर्दीच आहे, होईल बरी," असं सगळ्या म्हणाल्या. मीही तेच म्हणाले. आजींनी नाकात तेलाचं बोट फिरवलं होतं, शेगडीवर ओव्याची धुरीही दिली होती. ताई एवढंच म्हणाल्या, "दुपारपासून अंगावर ओढत नाहीये." ते वाक्य मी ऐकलं आणि हजेरी लिहीत राहिले.

रात्री बाळाचं पोट उडायला लागलं. रिक्षाला आणि औषधाला हातात पैसे नव्हते. गटाकडे होते, पण कर्ज फक्त मासिक बैठकीत मंजूर करायचं असा नियम होता. सकाळ होईपर्यंत घरचे थांबले. दवाखान्यात न्यूमोनिया निघाला, ऑक्सिजन लावावा लागला. बाळ वाचलं, आता घरभर रांगतंय. पण त्या दिवशी माझ्या हातात मोबाईल होता, त्यात घड्याळ होतं आणि मी एक मिनिट श्वास मोजला नाही, हे काही माझ्या मनातून जात नाही. तुमच्यापैकी कोणावर अशी रात्र येऊ नये म्हणून हा पाठ.

बाळाचं नाक एवढं का चोंदतं?

मोठ्या माणसाचं नाक बंद झालं की आपण तोंडाने श्वास घेतो. पहिल्या काही महिन्यांत बाळाला ते नीट जमत नाही, ते मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. त्याच्या नाकपुड्या इवल्याशा, त्यामुळे थोडासा शेंबूडही रस्ता अडवतो. दूध पिताना तर तोंड भरलेलंच असतं. म्हणून नाक चोंदलं की बाळ दोन घोट ओढतं, सोडतं, रडतं आणि पुन्हा ओढतं.

पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच बाळांचं नाक सर्दी नसतानाही वाजतं. ताप नाही, दूध नीट पितंय, वजन वाढतंय, तर घाबरायचं कारण नाही.

पाठीवर हात ठेवला की घुरघुर हाताला लागते आणि आपण म्हणतो, "छातीत कफ भरलाय." बऱ्याचदा तो आवाज नाकातला आणि घशातलाच असतो. नाक साफ केलं की तो कमी होतो. नुसत्या आवाजावरून छातीचं दुखणं ठरत नाही. ते कशावरून ओळखायचं, ते पुढे येतं.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, धूर आणि धूळ. चुलीचा धूर, मच्छर अगरबत्ती, विडी-सिगारेट, तव्यावर मशेरी भाजणं, बाहेर चाललेल्या बांधकामांची धूळ. खोली एकच असली की सगळं बाळाच्या नाकात जातं. बाळ झोपतं तिथे मशेरी भाजायची नाही आणि विडी ओढायची नाही, एवढं जरी पाळलं तरी फरक पडतो.

घरी काय करायचं?

१. मीठ-पाण्याचे थेंब. औषधाच्या दुकानात सलाईनचे नाकात घालायचे थेंब मिळतात, फार महाग नसतात. घेताना बाटलीवरचं नाव वाचून घ्या. "सोडियम क्लोराईड ०.६५ टक्के" एवढंच हवं. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेली बाटली तशीच दिसते, पण ते नाक मोकळं करायचं वेगळं औषध आहे. तान्ह्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते द्यायचं नाही.

२. थेंब कसे घालायचे? दूध पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. हात साबणाने धुवा. बाळाला मांडीवर उताणं घ्या, डोकं किंचित मागे. प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब, एवढेच. मिनिटभर थांबा. बाळ शिंकेल किंवा शेंबूड गिळून टाकेल. गिळला तरी काही होत नाही. बाहेर आलेला शेंबूड मऊ सुती कापडाने टिपा. काडी, कापसाची वात, पदराचं टोक नाकात घालू नका.

३. रबरी फुग्याचा पंप असेल तर फुगा आधी बाहेर दाबा, मग फक्त टोक नाकपुडीत ठेवा आणि हळूहळू सोडा. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको, नाक आतून सुजतं. दर वेळी साबणाच्या पाण्याने धुवून वाळवा.

४. दुकान लांब असेल तर (पाड्यावरच्या आणि गोराई-मनोरीच्या ताईंसाठी) एक ग्लास म्हणजे साधारण २४० मिली पाणी उकळून थंड करा. त्यात चहाचा पाव चमचा मीठ सपाट मापाने विरघळवा. ड्रॉपर उकळून घ्या. हे पाणी रोज नवं करायचं, उरलेलं ओतून द्यायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र विकतची बंद बाटलीच वापरा.

५. दूध थोडं-थोडं, पण वारंवार. अंगावरचं दूध बंद करू नका. "आईला सर्दी आहे, दूध बाधेल" हे खरं नाही. आईला सर्दी असेल तर तोंडाला रुमाल बांधून, हात धुवून पाजा.

६. झोपवताना उताणंच. डोक्याखाली उशी किंवा दुपट्याची घडी नको. मान वाकून श्वास आणखी अडतो. जागं असताना खांद्यावर उभं धरलं तर बरं वाटतं.

काय करायचं नाही?

इथे घरातल्या मोठ्यांशी बोलावं लागणार. आजींनी चार-चार लेकरं वाढवलीत, त्यांच्या हातात माया आहे. मालीश चालू दे, कोमट पाण्याने अंघोळही चालू दे. फक्त या गोष्टी नकोत:

- नाकात तेल, तूप. ते फुप्फुसात उतरलं तर त्यानेच न्यूमोनियासारखं दुखणं होतं. अंघोळ घालणाऱ्या बाईंनाही हे आधीच सांगून ठेवा. तोंडाने नाकात फुंकरही नको.
- धुरी. ओवा, वावडिंग, धूप काहीही असो, शेवटी तो धूरच. बाळाला शेकायचंय ना? मग घडीचं कोरडं कापड गरम करून, आपल्या गालाला लावून बघा आणि मगच शेका.
- कापूर आणि चोळायचं बाम. कापूर पोटात गेला किंवा अंगात भिनला तर बाळाला झटके येऊ शकतात. कापराची पुरचुंडी गळ्यात नको. बाम दोन वर्षांच्या आत नाकाला किंवा छातीला लावायचा नाही.
- मध. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचा नाही.
- गरम पाण्याच्या भांड्याची वाफ. छोट्या खोलीत भांडं कलंडतं आणि लेकरू भाजतं.
- सर्दी-खोकल्याचं पातळ औषध. हे जरा सविस्तर सांगते.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधात विषारी रसायन निघालं. वीसहून जास्त लहान मुलं किडनी निकामी होऊन गेली. त्यातल्या बऱ्याच मुलांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावून सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. त्याआधी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सर्दीच्या एका नेहमीच्या जोड-औषधावर (क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन) "चार वर्षांखाली वापरू नये" असं छापायचा आदेश निघाला होता. तेव्हा मागच्या वेळची उरलेली बाटली, शेजारणीने दिलेली बाटली, "थोडंसंच दे" म्हणून दिलेला अर्धा चमचा, यातलं काहीच नको. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते.

एक मिनिट मोजा

आता या पाठातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नाकाचं दुखणं घरी बरं होतं, छातीचं होत नाही. दोन्ही ओळखायला डॉक्टरीचं शिक्षण लागत नाही.

हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी एक साधं साधन बनवलं. त्यात एका मिनिटाची वाळू आणि मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वेळेत ओळखून औषध मिळाल्यामुळे तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी झाले. हा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अक्षर न येणाऱ्या दायांना जमलं, तर आपल्याला का नाही?

आपण मण्यांच्या जागी चणे घेऊ.

- आधी नाक साफ करा. बाळ शांत किंवा झोपलेलं असू द्या. रडताना किंवा नुकतंच दूध पिताना मोजू नका.
- अंगडं वर करा. पोट एकदा वर आलं म्हणजे एक श्वास.
- मोबाईलवर पूर्ण ६० सेकंद लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ही बाळं मध्येच भरभर, मध्येच सावकाश श्वास घेतात.
- दर दहा श्वासांना एक चणा बाजूला ठेवा.

मिनिटभरात किती चणे झाले ते बघा:

- दोन महिन्यांपर्यंतचं बाळ: सहा चणे (६० किंवा जास्त) म्हणजे श्वास जलद
- दोन महिने ते एक वर्ष: पाच चणे (५० किंवा जास्त)
- एक ते पाच वर्षं: चार चणे (४० किंवा जास्त)

सहा, पाच, चार. एवढंच पाठ करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे जास्त भरले तर लगेच पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर दवाखाना. आणि मोजून झालं की चणे लगेच उचला. रांगतं बाळ ते नाकात घालतं. मोठ्या लेकराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत चणा किंवा मणी अडकलेला असू शकतो. आपण काढायचा नाही, डॉक्टरांनी काढायचा.

मोजत बसू नका, निघा, जर:

- बाळ दूध ओढत नसेल किंवा अगदी सुस्त पडलं असेल
- श्वास घेताना छातीच्या खालच्या भागात खड्डा पडत असेल (याला आपण पोट उडणं म्हणतो, शेजारच्या हिंदी भाषक बहिणी "पसली चलना" म्हणतात)
- बाळ कण्हत असेल, श्वास मध्येच थांबत असेल, ओठ-जीभ निळी पडत असेल
- झटके येत असतील
- दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल (काखेत ९९.५ फॅरेनहाइट किंवा जास्त) किंवा अंग गार पडलं असेल

१०८ ला फोन करा. राजावाडी, कूपर, कांदिवलीचं शताब्दी, जे जवळ असेल तिथे जा. गोराईच्या ताईंनो, तुम्हाला खाडी ओलांडायची किंवा भाईंदरकडून वळसा घ्यायचा असतो. तुम्ही तर सगळ्यात आधी निघा. सकाळची वाट पाहू नका.

आणि लसीची तारीख चुकवू नका. न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीन वेळा सरकारी केंद्रात मोफत मिळते. कार्ड काढून बघा.

गटाने काय करायचं?

त्या पाड्यावरच्या गटाने पुढच्याच बैठकीत ठराव केला. लेकरू किंवा बाळंतीण आजारी असेल तर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींनी फोनवर "हो" म्हटलं की त्याच रात्री दोन हजारांपर्यंत रक्कम द्यायची आणि पुढच्या बैठकीत नोंदवायची. आजवर तीनदा पैसे दिले, तिन्ही वेळा परत आले. सरकारी दवाखान्यात उपचार मिळतात, पण तिथवर पोचायला रिक्षा लागते आणि रात्री अकरा वाजता रिक्षावाला उधार थांबत नाही.

बैठकीत करा:

१. एका बाळाला मध्ये झोपवा आणि चार जणींनी एकाच वेळी श्वास मोजा. आकडे जुळतात का बघा.
२. आपल्या वस्तीत दोन महिन्यांच्या आतली बाळं किती? त्यांच्या घरी हा पाठ वाचून दाखवायला कोण जाणार?
३. आजींना नाकातल्या तेलाबद्दल कसं सांगाल? दोघींनी सून आणि सासू होऊन बोलून दाखवा.
४. तातडीच्या पैशाचा ठराव आपल्या वहीत आहे का? नसेल तर आजच लिहा.

मी डॉक्टर नाही, तुमच्यासारखीच शिकतेय. म्हणून शंका आली तर मला फोन करत बसण्याआधी आरोग्य सेविकेला हाक मारा आणि बाळाला घेऊन निघा. मला नंतर कळवलं तरी चालेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक