फांदी हातापेक्षा लांब हवी

चिपर घेतलास ते बरं केलंस. आपल्याकडे छाटलेल्या फांद्या एकतर भाताच्या राबाला जायच्या, नाहीतर बांधावर वाळत पडायच्या आणि त्यांच्याखाली फुरसं मुक्कामाला यायचं. आता त्यांचा चुरा चिकूच्या आळ्यात पडेल. पण एक ध्यानात ठेव, नांगर माणसाला आत ओढत नाही, चिपर ओढतो.

आधी ट्रॅक्टरची ताकद चिपरला देणारा पीटीओ शाफ्ट बघ. तो मिनिटाला 540 फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. मनगटाएवढ्या दांड्यावर ओढणीचं टोक अडकलं, तर एका सेकंदात जवळजवळ दीड मीटर कापड गुंडाळलं जातं. ‘खेचून काढीन’ म्हणायलाही सवड मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तडकलं असेल तर त्या दिवशी काम बंद, बोईसरहून नवं आण. यंत्र बंद असताना कव्हर हाताने फिरवून बघ, ते दांड्यावर सुटं फिरलं पाहिजे. त्याची साखळीही बांधलेली हवी. चालता शाफ्ट ओलांडून कोणी जायचं नाही, ट्रॅक्टरला वळसा घालायचा. गडी कुरकुरतील, कुरकुरू देत.

खांद्यावर पंचा नको, गळ्यात माळ नको, हातात कडं नाही की गंडा नाही. देवाचा दोरा असेल तर तेवढा वेळ देवाजवळच ठेव. रुंद मनगटाचे सैल हातमोजे हातात काहीच नसण्यापेक्षा वाईट, फांदीचा बोटाएवढा खुंट त्यांत अडकतो. बूट, डोळ्यांवर चष्मा आणि कानात बोळे मात्र हवेतच. पाड्यावरून येणाऱ्या बायकांना फांद्या आणून रचायचं काम दे, यंत्राच्या तोंडाजवळ एकच शिकलेला माणूस असू दे.

यंत्र लावताना वारा बघ. दुपारी आपल्याकडे समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो, म्हणून चुऱ्याचं नळकांडं पूर्वेला कर, आणि त्या दिशेला रस्ता किंवा घर नको. चिपर जमिनीवर टेकव, हँडब्रेक ओढ, वाळूत चाकांखाली ओंडके दे. पीटीओ कमी रेसवर जोड, मग हळूहळू मीटरवरच्या 540 च्या खुणेपर्यंत ने. पूर्ण वेग आल्याशिवाय फांदी घालायची नाही.

फांदी घालताना बुंध्याकडचं टोक आधी. तोंडासमोर नको, बाजूला उभा राहा. यंत्राने फांदी धरली की लगेच सोड आणि मागे हो. आखूड तुकडे हाताने ढकलायचेच नाहीत. पुढची लांब फांदी त्यांच्या पाठीमागे लाव, नाहीतर लाकडी दांडकं वापर, कधीच पहार नाही. पाय देऊन रेटणारा भेटला तर त्याला त्याच दिवशी घरी पाठव. 1983 साली देशात धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, तो मळणीयंत्रात गेलेल्या हातांपायी. आपल्या राज्याच्या शेतकरी अपघात अनुदानात एका हाताला एक लाख रुपये धरलेत. त्या पैशांत तुला हात परत मिळणार नाही, बरा सेकंडहँड ट्रॅक्टरसुद्धा नाही.

आंब्या-चिकूच्या फांद्यांत लाल मुंग्यांची घरटी असतात. मुंगी कडकडून चावली की माणूस नकळत हात झटकतो, आणि तो नेमका यंत्राच्या तोंडाजवळ असतो. म्हणून फांद्या दोन दिवस पडू दे, मग आपट आणि घे. नारळाची झावळी, पानाचे वेल एकटे घालू नकोस, धागे पात्यांच्या चकतीला गुंडाळतात. त्यांच्याबरोबर कडक लाकूड घाल. कुंपणाच्या कडेची लाकडं बारकाईने बघ. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने पाडलेल्या झाडांतही खिळे, तारा निघत होत्या. तार आत गेली तर पाती जातात, आणि तार गोळीसारखी बाहेर येते.

यंत्र तुंबलं की पीटीओ काढ, इंजिन बंद कर, चावी आपल्या खिशात घाल. दुसऱ्याच्या हातात नको, ट्रॅक्टरवर ठेवलीस असंही नको. तरीही जड चकती बराच वेळ फिरत राहते. ती थांबलेली डोळ्यांनी दिसल्याशिवाय झाकण उघडू नकोस. उघडल्यावर चकती लाकडाने अडव, मगच आत हात घाल.

आता पात्यांचं. चिकूचं लाकूड भलतंच चिवट. ग्वाटेमालातल्या टिकालच्या माया मंदिरांत दारांवर याच लाकडाच्या तुळया आहेत, हजार वर्षांहून जुन्या. आणि त्याचा चीक, ज्यापासून एके काळी च्युइंगम व्हायचं, तो पात्यांवर डांबरासारखा बसतो. रोज संध्याकाळी डिझेलच्या फडक्याने पुस. चुऱ्याऐवजी चिंध्या पडायला लागल्या, ट्रॅक्टर कण्हायला लागला, की धार गेली म्हणून समज. गावातल्या वेल्डरला हँडग्राइंडर लावू देऊ नकोस. पातं निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी उतरलं. तारापूर एमआयडीसीत सरफेस ग्राइंडर असलेली वर्कशॉप आहेत, तिथे सगळी पाती एकदम दे, कोन तोच राख, वजन सारखं करून घे. एकच पातं हलकं झालं तरी बेअरिंग खडखडायला लागतं. बोल्ट 8.8 किंवा 10.9 ग्रेडचे, जसे आले असतील तसेच नवे घे, आणि स्थिर पात्याशी फट यंत्राच्या पुस्तकात दिलीय तेवढीच ठेव. ग्रीसचे निपल मोजून लक्षात ठेव, शाफ्टच्या क्रॉसमधला एक नेहमी विसरतो.

खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं, म्हणून मृगाच्या आधी पाती काढून तेल लावून गोणपाटात गुंडाळ, बेल्ट सैल कर. चुरा मात्र ओलाच आळ्यात पसर, मातीत कालवू नकोस, नाहीतर कुजताना तो जमिनीतलं नत्र ओढून घेतो. बुंध्यापासून वीतभर लांब ठेव. मोठा ढीग रचलास तर आतून तापतो, त्याच्याजवळ ट्रॅक्टर किंवा डिझेलचा कॅन नको.