कपाटाची किल्ली

तुमच्या घराजवळच्या प्राथमिक शाळेत एकदा डोकावून पाहा. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एखादे लोखंडी कपाट दिसेल आणि पुष्कळदा त्याला कुलूपही दिसेल. त्या शाळेचे ग्रंथालय ते हेच! प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही हवीत, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात म्हटले आहे. पुस्तके आली, पण अनेक ठिकाणी कुलूप काही निघाले नाही.

कारण उघड आहे. नोंदवहीत चढलेले पुस्तक हरवले, तर जाब गुरुजींना द्यावा लागतो. पण कुलपात पुस्तक खरेच सुरक्षित असते का? पावसाळाभर न हललेले एखादे पुस्तक उघडून पाहा. चंदेरी रंगाचा, शेपटाकडे तीन लांब केसांसारखे तंतू असलेला एक बिनपंखी कीटक सुळकन पळेल. ही कसर. अंधार, दमट हवा आणि शांतता तिला मानवते, आणि बांधणीच्या खळीतले पिष्ट हे तिचे आवडते खाद्य. रोज हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकात मात्र तिचे बस्तान सहसा बसत नाही.

डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतले पहिले अगदी साधे आहे: ग्रंथ उपयोगासाठी असतात. हे काय सांगायला हवे, असे तुम्ही म्हणाल. पण युरोपात एके काळी पुस्तके साखळीने फळीला बांधून ठेवीत असत!

चौथे सूत्र म्हणते, वाचकाचा वेळ वाचवा. मोठ्या ग्रंथालयांत यासाठी ड्यूई यांची दशांश पद्धती वापरतात. तीत ५०० म्हणजे विज्ञान, ५९० प्राणी, ५९८ पक्षी. दुसरीतल्या मुलीला हे आकडे काय कामाचे? ती मुखपृष्ठावरचे चित्र पाहून पुस्तक उचलते, आणि कपाटात तर पुस्तकांच्या नुसत्या पाठी दिसतात. म्हणून भिंतीलगत, तिचा हात पोचेल इतक्या उंचीवर सुतळी बांधा आणि पातळ पुस्तके मधोमध उघडून तीवर टांगा.

याचा उपयोग होतो का, हे मोजताही येईल. गुरुजींच्या परवानगीने वीस पुस्तके निवडा. दहा सुतळीवर टांगा, दहा उघड्या कपाटात उभी ठेवा. पुस्तक वाचायला घेतले, की आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर एक रेघ ओढायची. पंधरा दिवसांनी दोन्ही गटांच्या जागा बदला आणि आणखी पंधरा दिवस मोजा. जागा का बदलायच्या? सुतळीवरची दहा पुस्तके मुळातच जास्त आवडणारी असली, तर निष्कर्ष फसेल. फाटलेल्या पानांचीही वेगळी नोंद ठेवा. किल्ली मागायला जाल, तेव्हा मुख्याध्यापक पहिला प्रश्न तोच विचारतील.