नेत्रपेढी ते शस्त्रकर्म : दात्याच्या पारपटलाचा प्रवास

नेत्रदानाचे संकल्पपत्र भरून घेण्याची शिबिरे आपल्याकडे बरीच होतात. परंतु मृत्यूनंतर काढलेला नेत्र शल्यचिकित्सकाच्या हाती कसा व कोणत्या परीक्षेनंतर पोहोचतो, याविषयी वैद्यवर्गातही पुरेशी माहिती नसल्याचे आम्हास आढळते. म्हणून हे टिपण.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रत्यारोपण संपूर्ण नेत्राचे होत नाही. कृष्णमंडलावरील पारदर्शक पटल, म्हणजे पारपटल, तेवढेच बदलले जाते. सुश्रुतांनी कृष्णगत रोग चार सांगितले असून त्यांतील खोलवर गेलेले अव्रण शुक्र कष्टसाध्य मानले आहे. अशा जुन्या, दाट फुलामुळे दृष्टी गेलेला रुग्ण हाच या शस्त्रकर्माचा प्रमुख अधिकारी होय. दृष्टिपटल अथवा दृष्टिनाडी नष्ट झालेल्यास त्याचा उपयोग नाही. मानवी पारपटलाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण एडवर्ड झिर्म यांनी १९०५ साली मोराव्हियातील ओलोमोट्स येथे केले. त्यांचा रुग्ण चुन्याने डोळे भाजलेला मजूर होता. भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रास येथे सुरू झाली.

मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्र किंवा केवळ पारपटल काढावे लागते. हे काम घरीही होते, त्यास वीस मिनिटे पुरतात व चेहरा विद्रूप होत नाही. त्याच वेळी दात्याचे रक्त घेऊन एचआयव्ही, कावीळ ब व क, तसेच फिरंग यांची तपासणी करतात. अलर्क, रक्तातील जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग इत्यादींनी मृत्यू झाल्यास ऊतक रुग्णास देत नाहीत. मधुमेह, रक्तदाब, चष्मा अथवा मोतीबिंदूचे शस्त्रकर्म यांमुळे मात्र दान नाकारण्याचे कारण नाही.

पेढीतील खरी परीक्षा पारपटलाच्या अंतःस्तराची असते. या स्तरातील पेशी मनुष्यात पुन्हा निर्माण होत नाहीत, आणि पटलातील पाणी उपसून ते पारदर्शक ठेवण्याचे काम त्याच करतात. पटल वरून काचेसारखे दिसले तरी पेशी विरळ असतील तर प्रत्यारोपणानंतर ते सुजून धूसर होते. विशेष सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची गणती होते. दृष्टिलाभासाठी वापरावयाच्या पटलात प्रति चौरस मिलिमीटर सामान्यतः २००० हून अधिक पेशी अपेक्षित असतात. त्याहून हीन प्रतीचे पटलही वाया जात नाही. व्रणाने भोक पडलेला डोळा वाचविण्यास ते उपयोगी पडते.

पूर्वी ओल्या कापसावर ठेवलेला संपूर्ण नेत्र एक-दोन दिवसांत वापरावा लागे. १९७४ साली मॅक्केरी व कॉफमन यांनी सिद्ध केलेल्या द्रवात पारपटल ४ अंश तापमानास सुमारे चार दिवस टिकते, नंतरच्या द्रवांत चौदा दिवसांपर्यंत. त्यामुळेच मध्यरात्रीची धावपळ जाऊन शस्त्रकर्म आगाऊ ठरविता येऊ लागले आणि पटल दूरच्या गावी धाडणे शक्य झाले. ते बर्फाच्या पेटीतून जाते, पण गोठता कामा नये. गोठले की पेशी मेल्याच. सोबतच्या पत्रकावर दात्याचे वय, मृत्यूचे कारण व वेळ, पेशीगणना व रक्तपरीक्षा असते, नाव नसते. शल्यचिकित्सकाने परिणाम पेढीस कळवावा, ही अपेक्षा असते. ऊतकाची विक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. प्रक्रियेचा खर्च तेवढा घेता येतो.

ही साखळी बहुधा पहिल्याच कडीशी तुटते. घरी मृत्यू झाला की प्रथम बोलावणे येते ते आपणास. संकल्पपत्र कपाटात पडून राहते आणि ते आठवेपर्यंत सहा तास उलटतात. वस्तुतः संकल्पपत्र नसले तरी निकटच्या नातेवाइकांची संमती पुरते. मृत्यूचा दाखला लिहितानाच वैद्याने विषय काढावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. संमती मिळाल्यास पापण्या मिटून त्यांवर ओला स्वच्छ कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा व पेढीस दूरध्वनी करावा. औषधी दुकानदार बंधूंनी जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक गल्ल्याजवळ ठळक लावून ठेवावा. तो रात्री शोधावा लागतो.